फोकस्ड अल्ट्रासाऊंड: वॉट जातात कुठे? (प्रकल्प नोंदी, मे २०२४ ते जानेवारी २०२५)

९ मे २०२४

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या कॉलेजच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमध्ये आजपासून काम सुरू. अंतर्वक्र पिझो सिरॅमिकच्या (वीज दिली की थरथरणाऱ्या सिरॅमिकच्या) वाटीतून निघणाऱ्या ध्वनिलहरी एका बिंदूवर जमा करायच्या आणि वाटेतल्या ऊतींना धक्का न लावता तेवढाच बिंदू तापवायचा. गर्भाशयातल्या गाठींसाठी या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) ऑक्टोबर २००४ मध्ये परवानगी दिली, हाताच्या कंपासाठी २०१६ मध्ये. उपचार जुना होत चालला, तरी मराठवाड्यातल्या पेशंटला त्याचं नावसुद्धा क्वचितच ऐकायला मिळतं. गाठ म्हटली की पिशवी काढायची, हेच घरोघर ठाऊक. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. त्याची मुळं गरिबीत आणि मजुरीत आहेत, एखाद्या यंत्राने तो सुटणार नाही, हे मला कळतं. पण पिशवी न काढता गाठ नष्ट करता येते, हे इथल्या पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं फार वाटतं.

आमचं काम टेबलापुरतंच: पाणी, जेल, खाटकाकडची कलेजी. माणसावर किंवा जिवंत प्राण्यावर काहीही नाही. प्रश्न एकच धरलाय. अँप्लिफायरमधून निघालेल्या वॉटांपैकी खऱ्या अर्थाने बिंदूपर्यंत किती पोचतात आणि बाकीचे कुठे गळतात?

सामान: वाटी १ मेगाहर्ट्झ, व्यास ६० मिमी, फोकस ७५ मिमीवर (₹१४,०००). वाटीला उच्च फ्रिक्वेन्सीची वीज देणारा जुना आरएफ अँप्लिफायर, ५० वॉटचा (₹२२,०००). फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप लॅबचेच. हिशोबाने फोकस अडीच मिमी रुंद आणि साधारण दीड सेंमी लांब यायला हवा.

१६ मे २०२४

पहिला आठवडा मोजायचं कशाने यातच गेला. हायड्रोफोन (पाण्यातला आवाज मोजणारा माइक) आमच्या बजेटमध्ये बसत नाही. म्हणून ध्वनीचा दाब वजनकाट्यावर मोजायचा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावर १ वॉट पडला, तर काट्याला साधारण ६८ मिलिग्रॅम वजन वाढल्यासारखं दिसतं. वाटीच्या कडेचे किरण तिरपे येतात, म्हणून आमच्या वाटीसाठी उत्तर सुमारे ४ टक्क्यांनी वाढवून घ्यायचं. सोयीचा आकडा असा: १ ग्रॅम म्हणजे १५.३ वॉट.

सराफ्यातून ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ६०० ग्रॅमचा सोनाराचा जुना काटा आणला (₹३,५००). त्यावर प्लॅस्टिकचं भांडं, भांड्याच्या तळाशी रबर, आणि वरून स्टँडला टांगलेली वाटी पाण्यात बुडवलेली. वाटी भांड्याला कुठेही टेकता कामा नये. केबलचाही भार भांड्यावर येऊ द्यायचा नाही. रबर फोकसच्या बरंच अलीकडे ठेवा, नाहीतर त्याला भोक पडतं.

काटा स्थिर राहीना. अँप्लिफायर बंद असतानाही आकडा सारखा उतरत होता. शोध घेतला तर कारण खोलीतला कूलर. बाहेर ४१ अंश आणि कूलरचा कोरडा झोत थेट भांड्यावर, म्हणजे पाणी डोळ्यांदेखत उडत होतं. कूलर बंद करून भांड्याभोवती पुठ्ठ्याचं खोकं उभं केलं. तरी थोडी घसरण राहिली, कारण रबर तापतं आणि त्याभोवतीचं पाणी हलतं. त्यामुळे नुसता स्थिर आकडा न वाचता चालू करतानाची उडी आणि बंद करतानाची उडी, दोन्ही लिहून सरासरी घ्यायची. हा नियम पुढे सगळीकडे पाळला.

२५ मे २०२४

वाटी अर्धा-पाऊण मिमी वर-खाली केली की आकडा निम्म्यापर्यंत बदलत होता. असं व्हायला लागलं की समजायचं, रबर आवाज शोषत नाही, परत पाठवतंय. १ मेगाहर्ट्झला पाण्यात तरंगलांबी दीड मिमी असते, म्हणून पाऊण मिमीला एक चढ आणि उतार येतो.

सपाट रबर बाद. वाळूजच्या एमआयडीसीत रबराचे गॅस्केट कापणारे एक चाचा आहेत. त्यांना काय हवंय ते सांगितलं. "सर, सपाट कशाला घ्यायलाव? गाडीत पायाखाली टाकायची काटेरी मॅट घ्या की, आवाज कमी करायलाच लावतेत लोकं," ते म्हणाले. त्यांनी दिलेल्या तुकड्याचे काटे वर ठेवून, पाण्यात बुडवून, हाताने चोळून आतली हवा काढली. आता वाटी हलवली तरी आकडा जागेवर राहतो. तुकड्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता खरं मोजमाप. अँप्लिफायरचं मीटर ४० वॉट दाखवतंय, काट्यावर ०.८० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२ वॉट. चाळीसातले अठ्ठावीस वाटेत गेले.

७ जून २०२४

सगळ्यात मोठी गळती आधी धरली. एसी विजेला होणारा विरोध, म्हणजे इंपीडन्स, मोजणारा नॅनोव्हीएनए घेतला (₹५,२००). हे खिशात मावणारं यंत्र या कामात सोन्यासारखं आहे. वाटी पाण्यात बुडवूनच मोजा. हवेत मोजली तर वेगळंच उत्तर येतं आणि त्यावर बांधलेलं सर्किट वाया जातं.

पाण्यात १ मेगाहर्ट्झला वाटीचा इंपीडन्स २२ − जे४८ ओहम (जे४८ हा कपॅसिटरसारखा भाग). अँप्लिफायरला हवे ५०. या फरकामुळे पाठवलेल्या शक्तीपैकी ४१ टक्के उलट परत येते आणि अँप्लिफायरचा हीटसिंक तापवते. अँप्लिफायर तापतोय म्हणून त्याच्यावर पंखा बसवायचा विचार चालला होता, तो सोडून दिला.

हा फरक बुजवणारी जुळणी दोनच भागांची. अँप्लिफायरच्या बाजूला ३.६ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर जमिनीला, आणि वाटीकडे जाणाऱ्या तारेत ११.६ मायक्रोहेन्रीची कॉइल.

१९ जून २०२४

कॉइल जुन्या एसएमपीएस पॉवर सप्लायमधून काढलेल्या फेराइट रिंगवर गुंडाळली होती. काट्यावर आकडा १.१५ ग्रॅमवर गेला, सगळे खूश. पाच मिनिटांत लातूरचा विद्यार्थी म्हणाला, "सर, हात लावून बघा, लई गरम व्हायलंय." रिंग इतकी तापली होती की वार्निश करपल्याचा वास येत होता. पॉवर सप्लायसाठीचं फेराइट १ मेगाहर्ट्झला आणि एवढ्या करंटला स्वतःच शक्ती खातं. सव्वा अँपिअरच्या पुढे करंट जातो हे लक्षात ठेवा. हाताशी आलेला साधा डिस्क कपॅसिटरही गरम होत होता.

बदल: टी१३०-२, म्हणजे लाल रंगाची लोखंडी भुकटीची रिंग, त्यावर ३२ वेढे. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, समांतर जोडून. रिंग मुंबईहून कुरियरने मागवावी लागली. रिंग ₹१८०, कुरियर ₹१५०. आता कॉइल कोमटही होत नाही. काटा: १.३५ ग्रॅम, जवळपास २१ वॉट. तेवढ्याच ४० वॉटांतून.

एक सूचना. नॅनोव्हीएनएवर जिथे जुळणी सर्वांत छान दिसते, ती फ्रिक्वेन्सी काट्यावर पहिली येईलच असं नाही. शेवटचं अ‍ॅडजस्टमेंट काट्याकडे बघूनच करा.

६ जुलै २०२४

पाणी. या एका गोष्टीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या भागात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. मागच्या पावसाळ्यात पाऊस नव्हता, उन्हाळाभर टँकरवर काढला. टाकीतलं पाणी जड, क्षारांचं, आणि मोटरने उचलून टाकल्याने हवा भरपूर मिसळलेलं. अँप्लिफायर चालू केला की वाटी आणि रबराच्या मधे, फोकसच्या दिशेने बारीक बुडबुड्यांची रेघ दिसायची. विरघळलेली हवा ध्वनीच्या ताणाच्या अर्ध्या चक्रात बाहेर पडते, बुडबुडा होतो, आणि मागून येणारा आवाज तो बुडबुडा चहूकडे उधळतो. बुडबुड्यासमोर फोकस वगैरे काही उरत नाही. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जवळपास सगळा आवाज परत फिरतो.

केमिस्ट्रीच्या मॅडमनी विंकलर टायट्रेशन (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रासायनिक चाचणी) करून दिलं. टाकीतल्या पाण्यात लिटरला ७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन. या कामाला ४ च्या खाली हवा, ३ असेल तर उत्तम.

पहिला उपाय म्हणजे उकळणं. अर्धा तास खळाखळा उकळून उघड्या पातेल्यात थंड केलं, दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा बरीच परत आलेली. मग उकळतं पाणी काठोकाठ भरून झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या बरणीत थंड करायला लागलो, तेव्हा आकडा ३ च्या खाली आला. इतकं करून लॅबचे मामा ते भांड्यात उंचावरून ओतायचे. त्यांना वाटायचं, ओतताना नीट दिसायला हवं. ओतण्यातच सगळी हवा परत यायची. आता नळी बरणीच्या आणि भांड्याच्या तळापर्यंत सोडून सायफनने हळूहळू उतरवतो. त्यांच्याच सुचवण्यावरून नळीच्या टोकाला पिवळं फडकं बांधलं, त्याने धार आणखी मंद झाली.

वरून हवा शिरायला नको म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकची शीट तरंगत ठेवतो, वाटीपुरतं भोक पाडून. एवढं केलं तर एक बरणी एका दुपारला पुरते. उद्या तेच पाणी वापरू नका.

क्षारांचा त्रास वेगळा. उकळल्यावर जड पाणी पांढरं पडतं आणि काही दिवसांत वाटीच्या पृष्ठभागावर पापुद्रा बसतो. आता जारचं आरओ पाणीच उकळतो. आणि वाटी पाण्यात टाकल्यावर तिच्या खोलगट भागाला चिकटलेले बुडबुडे सिरिंजने पाणी मारून उडवायचे. ती उलटी टांगलेली असल्याने ते आपोआप वर जात नाहीत, आतच अडकतात. टॉर्च तिरपा धरून बघितलं की दिसतात.

काटा: १.६५ ग्रॅम. २५ वॉट. पाण्यावर झालेला खर्च जवळजवळ शून्य, आणि फायदा एखाद्या नव्या अँप्लिफायरचा.

२४ जुलै २०२४

आकडा अचानक ०.९ वर घसरला. जुळणी बिघडलेली, पाणी ठीक. वाटीचा होल्डर उघडला तर वाटीच्या मागे पाणी. कडेचं सिलिकॉन सुटलं होतं. वाटीच्या मागे हवा असते म्हणूनच सगळा आवाज पुढे जातो. तिथे पाणी शिरलं की तो दोन्हीकडे वाटला जातो. सोडवताना वाटीच्या कडेचा टवकाही उडाला. दुसरी वाटी घेतली, आणखी ₹१४,०००, आणि ती यायला वेळ गेला. नवीन होल्डर नायलॉनचा, लेथवर काढलेला, ओ-रिंग आणि वर पातळ इपॉक्सी. सिलिकॉनच्या भरवशावर राहू नका.

नव्या होल्डरमध्ये काटा १.८२ ग्रॅम, म्हणजे सुमारे २८ वॉट. टवका उडालेली वाटी जपून ठेवली आहे.

१३ ऑगस्ट २०२४

आता डाग दिसायला हवा. पारदर्शक फँटमसाठी (ऊतीच्या जागी वापरायच्या नकली जेलसाठी) पॉलिअ‍ॅक्रिलामाइड आणि अंड्याचा पांढरा बलक असं मिश्रण जगभर वापरतात, तापलं की बलक गोठून पांढरा डाग दिसतो. मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. "गोठायच्या आधी अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी असतं. धूर खेचणारं कपाट चालू नाही आणि पोरं हातमोज्याशिवाय वावरतात. मी परवानगी देणार नाही." त्यांचं बरोबर आहे. ज्यांच्याकडे फ्यूम हूड नाही त्यांनीही या वाटेला जाऊ नये.

त्याऐवजी चायनाग्रास. २ टक्के चायनाग्रास हवा काढलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, ५० अंशांपर्यंत खाली आणायचं, मग त्यात बलक. याहून गरम असताना टाकला तर तो तिथेच शिजतो, थंड होऊ दिलं तर चायनाग्रास आधीच धरतं. बलक फेटू नका. मलमलच्या कापडातून गाळा. फेटलेल्या बलकाचा पहिला साचा हवेच्या कणांनी भरलेला होता आणि फोकस सोडून त्या कणांभोवतीच डाग पडले.

एसी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिककडून गॅस भरायच्या आधी लावतात तो व्हॅक्यूम पंप आणला आणि मिश्रणातली हवा खेचली. पंपात पाण्याची वाफ गेली की त्याचं तेल दुधाळ होतं, मधे सापळा म्हणून एक बाटली लावा. पंप परत करताना तेल बदलून दिलं.

हा फँटम डाग कुठे पडतो हे दाखवायला चांगला. किती वॉटांत पडतो हे त्यावरून ठरवू नये, कारण तो कलेजीपेक्षा आवाज कमी शोषतो.

६ सप्टेंबर २०२४

पोळ्याच्या आसपास परभणी, हिंगोली, नांदेडकडे पावसाने हाहाकार केला. परभणीची विद्यार्थिनी गावाकडे अडकली होती, आज पोचली. शेतात कापूस उभा नाही म्हणाली. आज तिच्याकडून काम करून घेतलं नाही.

बोकडाची कलेजी सकाळी दुकान उघडतानाच आणतो. फ्रीजरमध्ये ठेवलेली चालत नाही, आत वायूच्या पोकळ्या होतात आणि फोकसच्या आधीच आवाज उधळतो. ताजी कलेजी ०.९ टक्के मिठाच्या, हवा काढलेल्या पाण्यात ठेवून अर्धा तास व्हॅक्यूमखाली. रक्तवाहिन्यांच्या तोंडातून बुडबुडे येताना दिसतात.

तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल, स्टीलच्या नळीतलं. चालू करताच पहिल्या अर्ध्या सेकंदात आकडा १२ अंश उसळला, बंद करताच तितकाच कोसळला. कलेजी इतकी झटपट थंड होऊच शकत नाही. तापत होतं ते नळीचं धातू आणि तिच्या पृष्ठभागाला घासणाऱ्या लहरी. बारीक, उघड्या तारेचं थर्मोकपल घेतलं, ते फोकसपासून दोनेक मिमी बाजूला खुपसलं, आणि बंद केल्यावर सेकंदभराने वाचायला लागलो. खोटी उडी पूर्ण जात नाही, पण आता ती ओळखता येते.

२७ सप्टेंबर २०२४

२८ वॉट, फोकस कलेजीत २ सेंमी खोल, १५ सेकंद. कापून बघितलं तर पांढरा डाग पडलेला, पण भलत्या ठिकाणी. फोकसवर बारीक शेपूट, आणि वाटीच्या दिशेने सरकलेलं जाड डोकं. दुसऱ्या तुकड्यात तर वरचा पृष्ठभागच पांढरा पडला. हीच चूक माणसाच्या पोटावर झाली तर कातडी भाजते.

कारण असं की, फोकस काही सेकंदांत उकळीला पोचतो, तिथे वाफेचे बुडबुडे होतात, ते आवाजासमोर भिंत बनतात आणि मागून येणारी शक्ती भिंतीच्या अलीकडे साचते. म्हणजे पहिल्या पाच-सहा सेकंदांनंतर टाकलेला प्रत्येक वॉट चुकीच्या जागी काम करतो. काट्यावर आम्ही १२ चे २८ केले होते, पण त्यातले किती नेमके रोगट जागी पडतात हे काटा सांगत नाही. इथून पुढे "कार्यक्षमता" हा शब्द आम्ही डागाच्या जागेवरून वापरू लागलो.

बुडबुडे मुद्दाम करून त्यांनीच ऊती फोडायची दुसरी पद्धत आहे, हिस्टोट्रिप्सी. यकृतातल्या गाठींसाठी तिला एफडीएची परवानगी ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. तिला मायक्रोसेकंदांचे, २५ मेगापास्कलच्या पुढच्या ऋण दाबाचे झटके लागतात. आमच्या अँप्लिफायरच्या आवाक्याबाहेर. विद्यार्थ्यांनी हट्ट धरला होता, त्यांना आकडे मांडून दाखवले.

१५ ऑक्टोबर २०२४

डाग किती वेळात पडायला हवा? ऊती मारण्यासाठी वापरतात तो ठोकताळा: ४३ अंशांवर २४० मिनिटं, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला वेळ निम्मा. त्या हिशोबाने ५६ अंशांवर दोन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे ९०-१०० अंशांपर्यंत नेण्याचं कारणच नव्हतं.

आता ६ सेकंद आणि तेवढ्यावरच थांबणं. डाग फोकसवर, लांबट, नीट काठांचा. थर्मोकपल बाजूच्या जागी ५८ च्या आसपास. ४ सेकंदांत डाग कधी पडतो कधी नाही, ८ ला डोकं फुगायला लागतं. जुन्या १२ वॉटांवर मात्र कितीही वेळ ठेवलं तरी डाग नाही. तापतं त्याच वेगाने उष्णता बाजूला पसरत जाते. आधीच्या महिन्यांत गळती बुजवण्याचा उपयोग इथे झाला: शक्ती पुरेशी असली तर वेळ कमी ठेवता येतो, आणि वेळ कमी असला तर आसपासचं शाबूत राहतं.

जिवंत यकृतात रक्त वाहतं आणि ते उष्णता ओढून नेतं. कलेजीवरचे सेकंद जसेच्या तसे पेशंटला लावता येणार नाहीत, हे प्रत्येक पानावर लिहून ठेवतोय.

१८ नोव्हेंबर २०२४

एक डाग तांदळाच्या दाण्याएवढा. गाठ असते लिंबाएवढी किंवा मोठी. म्हणून खऱ्या उपचारात डागाला डाग जोडत जातात आणि मधे कातडीला थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. गर्भाशयाच्या मोठ्या गाठीला तासन्‌तास लागतात, ते याच थांबण्यामुळे. थांबणं कमी करता आलं तर पेशंट मशीनवर कमी वेळ पडून राहील.

विद्यार्थ्यांनी जुन्या थ्रीडी प्रिंटरची चौकट वापरून वाटी सरकवायची सोय केली. लांबट कलेजीत ५ मिमी अंतरावर एका ओळीत बारा डाग, प्रत्येकी ६ सेकंद.

ओळीने, न थांबता: तिसऱ्या डागापासून आकार बिघडला, शेवटचे एकमेकांत मिसळून पृष्ठभागाकडे चढले. ओळीने, मधे ४० सेकंद थांबून: सगळे व्यवस्थित, साडेआठ मिनिटं लागली. मग क्रम बदलला, १, ७, २, ८, ३, ९ असा. एक डाग देऊन वाटी ३ सेंमी लांब न्यायची, १५ सेकंद थांबायचं, परत पहिल्याच्या शेजारी. दोन सेंमी वरच्या पृष्ठभागावर आमचा किरण साधारण १७ मिमी रुंद असतो, म्हणून ३ सेंमीवर गेलं की तो आधीच्या तापलेल्या जागेवर पडत नाही. डाग तितकेच व्यवस्थित, चार मिनिटांत काम पूर्ण. क्रम बदलायला एक पैसाही लागला नाही.

परभणीच्या विद्यार्थिनीने हा क्रम सुचवला. ती म्हणाली, "सर, आपण वाट कशाला बघायलोत? तेवढ्या वेळात दुसरीकडं काम करता येतंय की."

१० डिसेंबर २०२४

जेल. पेशंटजवळ पाण्याचं भांडं नसतं, म्हणून आज वाटीसमोर पाण्याची पिशवी लावून पिशवी आणि कलेजी यांच्यामधे सोनोग्राफीचं जेल वापरलं. बाटलीतून दाबून काढलेल्या जेलमध्ये हवेचे कण असतात आणि ते पाण्यातल्यासारखे वर जात नाहीत. डाग अर्धवट. जेल सिरिंजमध्ये भरून, ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतलं आणि कडेपासून मध्याकडे न पसरवता मध्यातून कडेकडे दाबत नेलं. डाग पूर्ववत. एवढंच.

आजवरचा खर्च ₹६१,००० च्या आसपास. त्यातले १४,००० दुसऱ्या वाटीचे.

१७ जानेवारी २०२५

यकृताच्या पेशंटमध्ये वाटेत फासळ्या येतात. खाटकाकडून बोकडाच्या फासळ्यांचा तुकडा आणून पाण्यात वाटीसमोर धरला. काटा १.८२ वरून ०.७० ग्रॅमवर. हाड मऊ ऊतींपेक्षा कितीतरी जास्त आवाज शोषतं, आणि फासळ्या बाहेर काढल्यावर बोटाला गरम लागत होत्या. पेशंटला दुखेल ते इथे.

वॉट वाढवून उपयोग नाही, वाढलेले सगळे हाडातच जातील. थर्माकोलच्या पातळ शीटमधून फासळ्यांच्या सावलीच्या पट्ट्या कापून वाटीसमोर लावल्या. थर्माकोलमध्ये हवा असते, त्यावरून आवाज मागे फिरतो. आता फासळ्यांपलीकडे ०.६४ ग्रॅम पोचतात, म्हणजे जवळपास आधीइतकेच, आणि फासळ्या थंड राहतात. पण मागे फिरलेला आवाज वाटीवर आदळतो. वाटी तापते आणि नॅनोव्हीएनएवर जुळणी हललेली दिसते.

अडवलेला आवाज मुळात निघालाच नाही तर बरं. टवका उडालेल्या जुन्या वाटीच्या पाठीवर चांदीचा थर आहे. तो डायमंड बरने आठ पट्ट्यांत कापायचा, प्रत्येक पट्टीला वेगळी तार, आणि फासळीसमोर येणाऱ्या पट्ट्यांना वीज द्यायचीच नाही. पट्टी अरुंद झाली की इंपीडन्स साधारण आठपट होईल, म्हणजे आठ नव्या कॉइल. लाल रिंगांची ऑर्डर आज दिली. लातूरचा विद्यार्थी सोमवारी पहिली पट्टी कापणार आहे, पाण्याखाली धरून आणि मास्क लावून, कारण त्या सिरॅमिकच्या धुळीत शिसं असतं.